१४५३ च्या आधीची अकराशे वर्षं कुठे गेली?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत जगाच्या इतिहासावरचा तो मोठा लेख वाचला आणि राहवलं नाही म्हणून लिहितेय. पत्र जरा लांबलंय पण जमलं तर पूर्ण छापा. लेखाची भाषा सोपी होती, चित्रंही छान होती, पण त्यात लिहिलं होतं की इ.स. ४७६ मध्ये रोमन साम्राज्य संपलं आणि युरोप अंधारात गेला, आणि मग पुढच्याच पानावर थेट १४५३, तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपल (आजचं इस्तंबूल) जिंकलं, भारताकडे येणारा खुष्कीचा मार्ग बंद झाला म्हणून युरोपियन लोक समुद्रमार्ग शोधायला निघाले. झालं, संपलं. मधली जवळपास हजार वर्षं गायब. आणि हे फक्त तुमच्या लेखाचं नाही हो, शाळेच्या पुस्तकापासून स्पर्धा परीक्षेच्या गाइडपर्यंत सगळीकडे तेच. कॉन्स्टँटिनोपल हे नाव आपल्याकडे कितीतरी जणांना पाठ असतं, पण ते पडलं एवढ्याच कारणासाठी. ते शहर त्याआधी अकराशे वर्षं उभं होतं, मधली ५७ वर्षं (१२०४ ते १२६१) सोडली तर एका मोठ्या राज्याची, म्हणजे पूर्व रोमन किंवा बायझंटाइन साम्राज्याची राजधानी होतं, तिथे माणसं राहत होती, बाजार भरत होता, आजाऱ्यांना औषध मिळत होतं, हे कोणी सांगतच नाही. माझी तक्रार आहे ती एवढीच.

आधी ते ४७६ बघूया. त्या साली ओडोएसर नावाच्या सेनापतीने इटलीतल्या रोम्युलस ऑगस्टुलस या पोरसवदा सम्राटाला खाली उतरवलं, इथपर्यंत बरोबर. पण मग पश्चिमेकडची राजचिन्हं कुठे गेली? ती कॉन्स्टँटिनोपलला सम्राट झेनोकडे पाठवण्यात आली, निरोप असा की आता आम्हाला वेगळा सम्राट नको, दोन्हीकडे तुम्ही एकच पुरे. म्हणजे त्या काळच्या लोकांच्या डोक्यात साम्राज्य संपलेलंच नव्हतं, ते फक्त पूर्वेकडून चालणार होतं. ११ मे ३३० ला सम्राट कॉन्स्टंटाइनने बॉस्फरसच्या तोंडाशी, जुन्या बायझँटियन या ग्रीक गावाच्या जागी नवी राजधानी सुरू केली होती, तीन बाजूंना पाणी आणि चौथ्या बाजूला तट. तिथले लोक अगदी शेवटपर्यंत स्वतःला रोमनच म्हणायचे, बोलायचे ग्रीक, कायदा रोमन, धर्म ख्रिस्ती, आणि टॅक्स गोळा करणारी सरकारी यंत्रणा सलग चालू. तेव्हा ४७६ लिहायचंच असेल तर निदान 'पश्चिम रोमन साम्राज्य' असं तरी लिहा, एका शब्दाने केवढा फरक पडतो.

आता तो खुष्कीचा मार्ग. हे वाक्य इतक्या वेळा छापून आलंय की त्यावर कोणी शंकाच घेत नाही. पण आपल्याकडची मिरी, मसाले युरोपात जायचे ते मुख्यतः तांबड्या समुद्रातून इजिप्तला आणि तिथून अलेक्झांड्रियाच्या बंदरातून व्हेनिसच्या जहाजांनी. इजिप्त तेव्हा मामलुक सुलतानांकडे होतं आणि ते ऑटोमन तुर्कांच्या हातात गेलं १५१७ मध्ये, म्हणजे वास्को द गामा कालिकतला पोचून १९ वर्षं झाल्यावर! शिवाय कॉन्स्टँटिनोपल घेतल्यावर वर्षभराच्या आतच, १४५४ मध्ये, ऑटोमन सुलतानाने व्हेनिसशी व्यापाराचा तह केला. आणि पोर्तुगीज तर १४१५ मध्येच आफ्रिकेच्या उत्तर टोकावरचं सेउटा घेऊन किनाऱ्याने खाली सरकायला लागले होते. काळ्या समुद्रात धंदा करणाऱ्या, इटलीतल्या जिनोआच्या व्यापाऱ्यांना पुढे मोठा फटका बसला हे खरं आहे, पण एक शहर पडलं आणि दार बंद झालं इतकं सरळ ते नव्हतं. म्हणजे या शहराबद्दल जे एक वाक्य आपल्याला येतं तेही अर्धवटच.

बरं, मग त्या हजार वर्षांत होतं काय? मला स्वतःला राजांच्या यादीपेक्षा रोजचं जगणं जास्त ओढून घेतं म्हणून तिथूनच सांगते.

११३६ मध्ये सम्राट जॉन दुसरा कोम्नेनोस आणि त्याची राणी आयरीन (ही मूळची हंगेरीची राजकन्या) यांच्या पँटोक्रेटर मठाची नियमावली तयार झाली. ती आजही वाचायला मिळते. या मठाला जोडून एक हॉस्पिटल होतं, ५० खाटांचं. त्याचे पाच वॉर्ड. १० खाटा जखमी आणि हाड मोडलेल्यांच्या, ८ डोळ्यांच्या आणि पोटाच्या जोरदार दुखण्यांच्या, १२ फक्त बायकांच्या आणि बाकीच्या इतर आजारांच्या. प्रत्येक वॉर्डला डॉक्टर ठरलेले, आणि बायकांच्या वॉर्डला त्यांच्याशिवाय एक बाई डॉक्टर. बाराव्या शतकात, सरकारी कागदावर, पगारी बाई डॉक्टरची जागा! डॉक्टरांची ड्यूटी एक महिना आड. प्रत्येक खाटेला गादी, उशी, पांघरूण किती ते लिहिलेलं, ज्यांना उठताच येत नाही अशांसाठी मधोमध भोक ठेवलेल्या गाद्यांच्या वेगळ्या खाटा, गरीब पेशंटला अंगावर घालायला हॉस्पिटलचे कपडे आणि त्याचे स्वतःचे कपडे धुऊन ठेवायचे, आणि वरच्या डॉक्टरांनी रोज फिरून पेशंटला विचारायचं की नीट बघतायत ना तुमच्याकडे. शेजारी २४ म्हाताऱ्या माणसांसाठी वेगळी राहण्याची सोय. आता कागदावरचं सगळं रोज तसंच पाळलं जायचं असं माझं म्हणणं नाही, पण ज्याने हे लिहून घेतलं त्याला आजारी माणूस खाटेवर पडल्यावर कुठे अडतं हे नेमकं माहीत होतं. ते हॉस्पिटल आता नाही, पण मठाची चर्च उभी आहेत, इस्तंबूलमध्ये झेयरेक मशीद म्हणून ती आजही वापरात आहेत.

असाच दुसरा कागद म्हणजे दहाव्या शतकाच्या सुरुवातीचा, सम्राट लिओ सहावा याच्या नावाचा, शहराच्या धंद्यांचे नियम. शहराचा कारभार बघणारा मोठा अधिकारी म्हणजे एपार्क, त्याच्या हाताखाली सोनार, रेशीमवाले, मेणबत्तीवाले, साबणवाले, बेकरीवाले, खाटीक, कोळी, दारूचे गुत्तेवाले, दस्त लिहिणारे सगळे. आणि नियम किती बारीक असावेत! मासे विकणाऱ्यांच्या पुढाऱ्याने पहाटे एपार्ककडे जाऊन रात्री किती मासळी सापडली ते सांगायचं, मग त्या हिशेबाने भाव. वाणसामानाची दुकानं मात्र शहरात कुठेही काढायला परवानगी, कारण लोकांना रोजच्या वस्तू जवळ मिळाल्या पाहिजेत. गुत्ते रात्री ठरलेल्या वेळी बंद झालेच पाहिजेत, नाहीतर लोक पिऊन मारामाऱ्या करतात. आणि अत्तरवाल्यांनी मांडव टाकायचे ते राजवाड्याच्या दारापाशीच्या चौकातच, म्हणजे दारावरच्या ख्रिस्ताच्या चित्राकडे सुगंध जाईल आणि वाड्याची देवडीही दरवळेल. हे वाचताना मला त्या चौकातून चालल्यासारखं वाटतं, हजार वर्षांपूर्वीच्या कुठल्याही लढाईच्या वर्णनाने तसं होत नाही. काही जातीचं जांभळं रेशीम मात्र परदेश्यांना विकायला बंदी होती, ९६८ मध्ये क्रेमोनाचा बिशप ल्युटप्रांड राजदूत म्हणून आला होता, त्याने घेतलेलं असलं कापड जाताना अधिकाऱ्यांनी काढून घेतलं, त्याचा राग त्याने पानंच्या पानं लिहून काढलाय. पश्चिम युरोपात या लोकांची जी लबाड, अहंकारी अशी प्रतिमा झाली त्याला असल्या लिखाणाचा मोठा हात आहे.

पैशाचं बघा. कॉन्स्टंटाइनने सुरू केलेलं सोन्याचं नाणं, सोलिडस, एका रोमन पौंडात ७२, म्हणजे साधारण साडेचार ग्रॅमचं एक. हे नाणं अकराव्या शतकापर्यंत, म्हणजे सातशे वर्षं, जवळपास त्याच वजनाचं आणि त्याच कसाचं राहिलं. दक्षिण भारतातही ही नाणी सापडलेली आहेत. सहाव्या शतकात अलेक्झांड्रियाचा कॉस्मास म्हणून एक व्यापारी लिहितो की श्रीलंकेच्या राजासमोर एक रोमन आणि एक इराणी व्यापारी आपापला राजा मोठा म्हणून भांडत होते, तेव्हा रोमन व्यापारी म्हणाला दोघांची नाणी शेजारी ठेवा आणि बघा, एक सोन्याचं निघालं आणि एक चांदीचं. हाच कॉस्मास भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या 'कल्लियाना' बंदराचंही नाव घेतो, तिथे ख्रिस्ती वस्ती आहे आणि बिशप इराणहून येतो असं सांगतो, आणि बरेच अभ्यासक हे म्हणजे कल्याणच असं मानतात. एवढा सरळ धागा असूनही आपण त्या जगाकडे पाठ करून बसलोय.

आया सोफिया या तिथल्या मोठ्या चर्चचा तर तुमच्या लेखात फोटोही होता पण खाली ओळ फक्त 'वादग्रस्त वास्तू'. अहो, ५३२ च्या जानेवारीत शहरात नीका नावाचा दंगा झाला, रथांच्या शर्यतीतले निळे आणि हिरवे हे दोन गट एरवी एकमेकांचे वैरी, ते सम्राट जस्टिनियनविरुद्ध एक झाले, अर्धं शहर जाळलं, जुनं चर्च त्यातच गेलं. जस्टिनियन पळायच्या बेतात होता, राणी थिओडोराने त्याला थांबवलं असं त्या काळचा इतिहासकार प्रोकोपियस सांगतो, आणि मग हिप्पोड्रोममध्ये, म्हणजे रथांच्या शर्यतीच्या मैदानात, सैन्य घुसवून जी कत्तल झाली तिचा त्याने दिलेला आकडा ३०,००० आहे. आणि त्यानंतर सव्वा महिन्यात नव्या इमारतीचं काम सुरू, ट्रॅलिसचा अँथेमियस आणि मिलेटसचा इसिडोर, दोघेही गणिताची माणसं, आणि ५३७ च्या डिसेंबरात इमारत तयार, पाच वर्षं दहा महिन्यांत. चौकोनी जागेवर गोल घुमट बसवायचा म्हणून चार कोपऱ्यांत बाकदार त्रिकोण भरले, घुमटाच्या बुडाशी ४० खिडक्यांची ओळ ठेवली, त्यातून ऊन आलं की घुमट खालच्या भिंतीवर टेकलेलाच नाही असं दिसतं. ५५८ मध्ये तो घुमट कोसळला, तर धाकट्या इसिडोरने आणखी उंच करून ५६२ पर्यंत परत चढवला. पुढे सोळाव्या शतकात ऑटोमनांचा मोठा वास्तुविशारद सिनान याने बाहेरून आधार देऊन ती इमारत सावरली. चर्च, मशीद, १९३५ पासून म्युझियम, २०२० पासून परत मशीद, यावर ज्याचं त्याचं मत असू दे, पण बांधणारे आणि टिकवणारे असे दोघेही त्या भिंतीत आहेत आणि फोटोखालच्या ओळीत तेवढं तरी यायला हवं होतं.

याच जस्टिनियनने ट्रिबोनियन नावाच्या कायदेपंडिताला बसवून शेकडो वर्षांचा रोमन कायदा एकत्र करून घेतला, ५२९ ते ५३४. पुढे अकराव्या शतकाच्या शेवटी इटलीत बोलोन्याला तो अभ्यासाला घेतला गेला आणि युरोपातल्या कितीतरी देशांची दिवाणी कायद्याची घडण त्यातून झाली. यावर वेगळा लेखच होईल, इथे थांबते.

आता पुस्तकांबद्दल, कारण मला सगळ्यात जास्त कळकळ याची आहे. आपण सहज म्हणतो की ग्रीकांचं ज्ञान अरबांनी जपलं, ते खरंच आहे, पण मूळ ग्रीक पानं कोणी उतरवून ठेवली? कॉन्स्टँटिनोपलच्या लेखनिकांनी. नवव्या शतकात फोटिओस नावाच्या विद्वानाने वाचलेल्या पुस्तकांची २८० च्या आसपास टिपणं लिहून ठेवली, त्यातली कित्येक पुस्तकं आज कुठेच नाहीत, फक्त त्याचं टिपण आहे. आर्किमिडीजच्या ग्रंथांची एक प्रत दहाव्या शतकात तिथे तयार झाली. १२२९ मध्ये कोणीतरी त्या चामड्याच्या पानांवरची शाई खरवडली, पानं आडवी केली आणि वर प्रार्थनेचं पुस्तक लिहिलं, चामडं महाग होतं म्हणून. १९०६ मध्ये हायबर्ग या डॅनिश अभ्यासकाने इस्तंबूलमध्ये ते बघितलं आणि भिंगाने प्रार्थनेच्या ओळींखालचा आर्किमिडीज वाचायला घेतला. मग ते नाहीसं झालं, १९९८ मध्ये लिलावात २० लाख डॉलरला विकलं गेलं, आणि घेणाऱ्याने ते बाल्टिमोरच्या म्युझियमकडे अभ्यासाला दिलं. तिथे वेगवेगळ्या रंगांच्या प्रकाशात फोटो काढून आणि क्ष-किरणांनी शाईतलं लोखंड टिपून खरवडलेली अक्षरं वर आणली. आकारांचे बारीक काप करून क्षेत्रफळ आणि घनफळ कसं काढायचं हे सांगणारा आर्किमिडीजचा एक ग्रंथ मूळ ग्रीकमध्ये जगात फक्त याच पानांत उरलाय. एका लेखनिकाने तो उतरवलाच नसता तर गणितातला हा माणूस इथपर्यंत पोचला होता हे आपल्याला समजलंच नसतं.

आणि हेही सांगायला हवं की 'शहर पडलं, विद्वान इटलीला पळाले आणि रेनेसाँ (युरोपातलं प्रबोधन) झाला' हेही असंच घाईतलं वाक्य. मॅन्युएल क्रिसोलोरस १३९७ मध्येच फ्लोरेन्सला ग्रीक शिकवत होता, म्हणजे ५६ वर्षं आधी. ट्रेबिझोंडमध्ये जन्मलेल्या कार्डिनल बेसारिओनने मात्र १४५३ नंतर मिळतील तेवढी ग्रीक हस्तलिखितं गोळा केली आणि १४६८ मध्ये व्हेनिसला देऊन टाकली, इलियडची दहाव्या शतकातली सगळ्यात नावाजलेली प्रत त्यांच्यातच आहे.

बायकांबद्दलही दोन शब्द. बाराव्या शतकात अ‍ॅना कोम्नेने या राजकन्येने बापाच्या राजवटीचा मोठा इतिहास लिहिला, पहिल्या क्रुसेडचं (पश्चिम युरोपातल्या ख्रिस्ती लोकांच्या धर्मयुद्धाचं) पूर्वेकडून दिसलेलं चित्र आपल्याला तिच्याकडून मिळतं. नवव्या शतकातल्या कासिया या जोगिणीने रचलेलं स्तोत्र पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती चर्चमध्ये ईस्टरच्या आधीच्या मंगळवारी संध्याकाळी आजही गातात.

मी काही त्यांची वकिली करत नाहीये. सत्तेसाठी डोळे काढण्याची पद्धत तिथे होती, ७९७ मध्ये आयरीन राणीने पोटच्या पोराचे, सहाव्या कॉन्स्टंटाइनचे डोळे काढवले आणि स्वतः गादीवर बसली. गुलामगिरी होती. जस्टिनियनने ज्यू, समारिटन आणि जुन्या देवांना मानणाऱ्यांना कायद्याने दाबलं, ५२९ मध्ये अथेन्समधलं तत्त्वज्ञान शिकवणं बंद पाडलं. हे सगळं लिहा, पण लिहा तरी.

आणि शेवट सांगायचाच असेल तर १२०४ सांगितल्याशिवाय १४५३ सांगू नका, ही माझी हात जोडून विनंती आहे. पाचव्या शतकात दुसऱ्या थिओडोसियसच्या काळात बांधलेला तो दुहेरी तट आणि खंदक, त्याच्यापुढे अवारांनी, अरबांनी, बल्गारांनी हात टेकले. पण १२०४ च्या एप्रिलमध्ये चौथ्या क्रुसेडचे ख्रिस्ती सैनिक व्हेनिसच्या जहाजांतून समुद्राकडच्या भिंतीवर चढले आणि आपल्याच धर्माचं शहर त्यांनी तीन दिवस लुटलं. ब्राँझचे पुतळे वितळवून नाणी पाडली, हिप्पोड्रोममधले चार घोडे व्हेनिसला नेले, ते आजही सेंट मार्कच्या चर्चमध्ये आहेत. १२६१ मध्ये मायकेल आठव्या पॅलिओलोगोसने शहर परत मिळवलं, पण राज्याचा कणा मोडलेला तो मोडलेलाच. २००१ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी अथेन्समध्ये ऑर्थोडॉक्स लोकांशी झालेल्या चुकांबद्दल क्षमा मागितली तेव्हा या लुटीचा उल्लेख केला होता, एवढी ती आठवण ओली आहे. १४५३ मध्ये तटावर सगळे मिळून साधारण सात हजार माणसं होती, त्यांच्यात जिनोआचे लोक होते आणि ऑटोमन घराण्यातलाच ओरहान नावाचा राजपुत्रही शहराच्या बाजूने लढत होता, तर बाहेर सुलतानाच्या फौजेत ख्रिस्ती सर्ब तुकडी होती. हे माहीत असलं की 'मुसलमानांनी ख्रिस्त्यांचं शहर घेतलं' या एका ओळीत ती लढाई मावत नाही हे लगेच लक्षात येतं, आणि आजकाल ती ओळ ज्या सुरात फॉरवर्ड होत असते ते बघता पेपरने हे छापणं गरजेचं आहे.

तेव्हा माझं मागणं असं. या विषयावर पुरवणीत सहा-सात भागांची मालिका द्या. त्यात एक भाग फक्त शहराचा, मोठ्या नकाशासह, ज्यात तट, बंदरं, हिप्पोड्रोम, पाण्याची तळघरं (जस्टिनियनच्या त्या एका तळघरात ३३६ खांब आहेत) सगळं दिसेल. एक भाग हॉस्पिटल आणि बाजाराच्या नियमांचा, एक हस्तलिखितांचा, एक सिरिल आणि मेथोडियस यांचा, ज्यांच्या ८६३ च्या कामातून पुढे स्लाव लोकांना आपली लिपी मिळाली. आणि मठाची नियमावली आणि एपार्कचे नियम हे दोन्ही छोटे कागद आहेत, त्यांचे निवडक उतारे मराठीत करून छापा, विद्यापीठातल्या इतिहासाच्या मंडळींना सांगितलं तर कोणीतरी नक्की करून देईल. लेखातली ४७६ ची आणि खुष्कीच्या मार्गाची दुरुस्ती मात्र मालिकेची वाट न बघता येत्या रविवारीच द्यावी.

आपली,
एक नियमित वाचक